लाथ खाल्ली मी, बाहेरही मीच

ऑफिसच्या फुटबॉल टूर्नामेंटची फायनल. त्यांच्या डिफेंडरने मला मागून अशी लाथ घातली की रेफरीने त्याला सरळ रेड कार्ड दाखवून बाहेर काढलं, म्हणजे ते उरले दहा. एक्स्ट्रा टाइम संपला तरी स्कोअर बरोबरीतच, म्हणजे शूटआऊट, दोन्ही टीमनी आळीपाळीने एकेक पेनल्टी किक मारायची. आणि शूटआऊटमधून बाहेर कोण? तर मी.

नियमच आहे तसा. समोरची टीम दहाची असेल तर आपली पण दहाचीच करायची. कारणही पटण्यासारखं आहे, हाच तर वैताग. पहिल्या पाच-पाच किकमध्ये निकाल लागला नाही तर एकेक किक वाढत जाते आणि टीममधल्या सगळ्यांची मारून झाल्याशिवाय कुणालाच दुसऱ्यांदा मारता येत नाही. आता समजा आम्ही अकरा आणि ते दहा, तर अकराव्या किकला त्यांचा सगळ्यात भारी माणूस परत येणार आणि आमच्याकडून येणार तो, ज्याला इतका वेळ सगळ्यांनी लपवून ठेवलेलं असतं. म्हणजे एक माणूस घालवून त्यांचाच फायदा. तो होऊ नये म्हणून आमचा एक कमी. सगळं मान्य. पण तो एक मीच का?

वगळलेल्या खेळाडूचं नाव आणि नंबर रेफरीला सांगावा लागतो. कॅप्टनने क्षणभरही विचार न करता माझं नाव सांगितलं. रेफरीने नंबर विचारला तर साहेब मला म्हणतात, ‘जरा वळ रे.’ पाठीवरचा नंबर वाचून दाखवला आणि मग रेफरीने मला हाताने बाहेरची दिशा दाखवली, कारण शूटआऊट चालू असताना पात्र खेळाडू आणि मॅचचे अधिकारी सोडून मैदानात कुणीही थांबायचं नाही.

लंगडत रेषेबाहेर आलो तर तिथे खुर्ची टाकून एक काका बसलेले. मांडीवर छत्री, आभाळात ढगाचा पत्ता नाही.

‘कमी केलेले ते तुम्हीच का?’

हो म्हटलं.

‘आणि लाथ बसली ते?’

तो पण मीच.

‘अरे वा! मारणारा माझा पुतण्या.’ काकांनी आनंदाने हात पुढे केला. ‘तो बाहेर, तुम्ही पण बाहेर. म्हणजे फिटंफाट झाली की!’

आता या माणसाला काय बोलणार? आणि हे एवढ्यावर थांबतील तर काका कसले. मला म्हणतात, ‘निराश होऊ नका, तुमचा गोलकीपर जखमी झाला तर कमी केलेल्या माणसाला त्याच्या जागी घेता येतं.’ हे मात्र खरं आहे, नियमात आहे. त्यानंतर आमचा कीपर उडी मारून पडला की काका खुर्चीतून अर्धे उठायचे, माझ्याकडे बघायचे, तो उठून उभा राहिला की ‘च्च’ करून परत बसायचे. असं प्रत्येक किकला. माझ्याच कीपरची हाडं मोडावीत म्हणून माझ्याच वतीने हा मनुष्य देव पाण्यात घालून बसलेला.

मधेच म्हणाले, ‘एवढा खटाटोप कशाला, टॉस करून टाकायचा.’ म्हटलं काका, तेही करून झालंय. १९६८ च्या युरो कपच्या सेमीफायनलला इटली आणि सोव्हिएत युनियनचा निकाल नाणं उडवूनच लावला होता, इटली फायनलला गेली आणि कपही जिंकली. त्या प्रकाराला लोक वैतागले आणि १९७० मध्ये शूटआऊट नियमात आलं. ‘पण टॉसमध्ये कुणाला कमी करावं लागत नाही,’ काका म्हणाले. या एका मुद्द्यावर मी त्यांच्याशी सहमत आहे.

मग आमचे कॅप्टन आले. धावत गेले, बॉलपाशी पोचून थांबले, मारल्यासारखं केलं, कीपर बिचारा एका बाजूला पडला, यांनी दुसऱ्या बाजूला बॉल सरकवला आणि दोन्ही हात पसरून धावत सुटले. रेफरीने यलो कार्ड काढलं. धावता धावता हुलकावणी चालते, पण रनअप पूर्ण झाल्यावर मारण्याचं नाटक चालत नाही. मॅच चालू असती तर समोरच्या टीमला इनडायरेक्ट फ्रीकिक, म्हणजे जिच्यावरून थेट गोल होत नाही ती, शूटआऊटमध्ये किक चुकली अशी नोंद. परत मारायला मिळत नाही. आणि आम्ही तिथेच हरलो.

काका उडालेच. ‘मॅचमध्ये पण एक यलो होतं याला! दोन झाली! रेड द्या!’ मी सांगितलं, मॅचमधलं यलो शूटआऊटमध्ये धरत नाहीत. काकांना हा स्वतःचा अपमान वाटला. म्हटलं, आणि शूटआऊट चालू असताना आमचा एक गेला असता तर तुमचा पण एक कमी करावा लागला असता. काका विचारात पडले. ‘मग जाऊ द्या,’ म्हणाले, ‘यलो पुरे.’

मला हसू आलं, पण राग तेवढाच आहे अजून. नंतर कॅप्टनला विचारलं, मलाच का काढलं? तर म्हणे, ‘अरे, तुझा पाय दुखत होता ना.’ विचारलं होतंस मला? एका शब्दाने? दुखत होता डावा, मी मारतो उजव्याने, आणि इतकी वर्षं बरोबर खेळून या माणसाला माझा नंबर पाठीवर वाचावा लागतो. ज्या दहा जणांना ठेवलं त्यात एकजण ‘बॉल त्या ठिपक्यावरच ठेवायचा ना?’ असं विचारून गेला होता, तो चालला.

काल ग्रुपवर कॅप्टनचा मेसेज आला, रविवारी सगळ्यांनी पेनल्टीच्या प्रॅक्टिसला यायचं. सगळे म्हणजे दहा की अकरा, तेवढं आधी कळव म्हटलं. ब्लू टिक आलीये, उत्तर नाही.