घोड्याला चिलखत घाला, बाकीचं आपोआप होईल

अभिनंदन. रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आरपीजी (एखाद्या पात्राच्या भूमिकेत शिरून खेळायचा व्हिडिओ गेम), बनवणारा एक नावाजलेला पाश्चात्त्य स्टुडिओ तुम्ही अखेर विकत घेतलात. इमारत, संगणक, खुर्च्या आणि माणसं असा सगळा ऐवज ताब्यात आला आहे. त्यांतली काही माणसं लेखक आहेत. घाबरू नका, त्यावर उपाय आहेत.

पहिल्याच बैठकीत ही मंडळी सांगतील की आरपीजीचा जीव ‘निवड आणि परिणाम’ या दोन शब्दांत असतो. खेळाडूनं चोराला सोडून दिलं, तर तीस तासांच्या खेळानंतर तोच चोर त्याला तुरुंगातून सोडवायला येतो, नाहीतर त्याचंच घर फोडतो. हे सांगताना त्यांचे डोळे चमकतील. तुम्ही मान डोलवा. लक्षात ठेवायचं ते एवढंच की निवड तुम्ही करायची आणि परिणाम खालच्या मजल्यावर पाठवायचे.

कामाला हात घालण्यापूर्वी हा खेळप्रकार मेल्याचं जाहीर करून टाका. तशी प्रथाच आहे. इंटरप्ले या कंपनीनं डिसेंबर 2003 मध्ये आपला ब्लॅक आयल हा स्टुडिओ बंद केला, आणि ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’सारखा गेम करणारं घराणं मोडलं. ट्रॉइका स्टुडिओचं तर त्याहून नीटनेटकं झालं. त्यांचा ‘व्हॅम्पायर: द मॅस्करेड – ब्लडलाइन्स’ 16 नोव्हेंबर 2004 रोजी बाजारात आला, म्हणजे ज्या दिवशी साऱ्यांनी वाट पाहिलेला ‘हाफ-लाइफ 2’ आला नेमका त्याच दिवशी. त्या दिवशी ‘ब्लडलाइन्स’ घेऊन बाहेर पडलेला माणूस बहुधा रांग चुकला असावा. पुढच्या वर्षी ट्रॉइकाला कुलूप लागलं. गेम मात्र चाहत्यांनी स्वतः पॅच लिहून लिहून जगवला, तेही फुकट. दुरुस्तीचा खर्च कसा वाचवावा याचा हा धडा वहीत टिपून ठेवा.

मेलेली वस्तू स्वस्तात मिळते, हा खरा फायदा. ‘फॉलआउट’ या आरपीजीची सगळी मालकी बेथेस्डा या कंपनीनं 2007 मध्ये 57.5 लाख डॉलरला उचलली. 2024 मध्ये त्यावरची मालिका पडद्यावर आली. तेव्हा विकायला नवा ‘फॉलआउट’ कोणाकडेच तयार नव्हता, म्हणून लोकांनी 2015 चा ‘फॉलआउट 4’ नव्यानं विकत घेतला आणि तो पुन्हा विक्रीच्या याद्यांत वर चढला. मेल्या म्हशीला मणभर दूध, असं लोक कौतुकापुरतं म्हणतात. ही म्हैस मेल्यावर खरोखरच मणभर देऊ लागली.

आता घोड्याकडे येऊ, कारण सगळ्या व्यापाराची गुरुकिल्ली तिथे आहे. एप्रिल 2006. बेथेस्डाचाच गेम ‘ऑब्लिव्हियन’ येऊन महिनाही झाला नव्हता. बेथेस्डानं घोड्याचं चिलखत विकायला काढलं, अडीच डॉलरला. स्वाराला नव्हे, घोड्याला. गेमच्या दुनियेत जो तो हसला, आणि हसता हसता पुष्कळांनी विकतही घेतलं. घोडं कुठं पेंड खातंय, हे शोधण्यात इतरांची हयात जाते; तुम्हाला तर समोर दिसतंय की ते पेंड खातच नाही, अडीच डॉलर खातंय. त्यानंतर जे जे निघालं, रंगीत तलवारी, नाचण्याच्या तऱ्हा, सीझन पास, ते सगळं त्याच तबेल्यातलं. एप्रिल 2025 मध्ये त्याच गेमची रंगरंगोटी केलेली आवृत्ती अचानक बाजारात आली. दहा डॉलर जास्त मोजून महागडी प्रत घेणाऱ्याला काय मिळालं असेल? घोड्याचं चिलखत. वरातीमागून घोडं येतं हे ऐकून होतो. इथे ते 19 वर्षांनी आलं, नवा साज चढवून आलं, आणि लोकांनी त्याला ओवाळलं.

पण चिलखत ही झाली वस्तू. खरी प्रगती गोष्टच सुटी करून विकण्यात आहे. 2009 च्या ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’मध्ये तुम्ही दिवसभर राक्षसांशी लढून तळावर परतता. शेकोटी पेटलेली, सोबती आपापल्या तंबूपाशी. तिथेच एक माणूस उभा असे. घराण्याला लागलेला बट्टा, पडीक किल्ला, तुमच्याशिवाय कोणी वाली नाही, असं तो कळवळून सांगे. तुमचं मन द्रवलं आणि तुम्ही ‘चला, येतो’ म्हणालात, की गेम सांगे: हा भाग तुम्ही विकत घेतलेला नाही. घेणार? नाही म्हणालात तरी तो जात नसे. साऱ्या देशाची राखरांगोळी होत असताना तो तळावर तसाच उभा, डोक्यावर कामाची खूण मिरवत. करुण रस पुष्कळांनी हाताळला, पण त्याला किमतीची चिठ्ठी लावण्याचा मान हा गेम करणाऱ्या बायोवेअर स्टुडिओचा. 2012 मध्ये त्यांनी आणखी मजल मारली. ‘मास इफेक्ट 3’मध्ये 50,000 वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या वंशाचा एकुलता एक उरलेला जीव होता. तो गेमबरोबर, पहिल्याच दिवशी, वेगळा: दहा डॉलर.

प्रत्यक्ष हातात घेता येणारी वस्तू विकताना तेवढं जपा. ‘फॉलआउट 76’च्या 200 डॉलरच्या प्रतीत कॅनव्हासची पिशवी मिळेल अशी जाहिरात होती, निघाली नायलॉनची. भरपाई म्हणून कंपनीनं आधी 500 ‘ॲटम’ देऊ केले. ॲटम म्हणजे त्याच गेममधलं चलन, मोल साधारण 5 डॉलर. आपणच छापलेल्या नोटांनी आपली उधारी फेडायची, केवढी देखणी कल्पना! लोकांनी आरडाओरडा केला आणि अखेर खऱ्या कॅनव्हासच्या पिशव्या द्याव्या लागल्या, हे मात्र वाईट झालं.

तर मुख्य उपचार: लाइव्ह सर्व्हिस. आरपीजीचा मोठा दोष असा की तो संपतो. माणूस 80 तास खेळतो, शेवटी जरा डोळे पुसतो आणि निघून जातो. निघून गेलेल्याच्या खिशात हात घालता येत नाही. म्हणून न संपणारा गेम काढा. बायोवेअरनं 2019 मध्ये ‘अँथम’ काढला. दोन पात्रांना शेकोटीपाशी बसवून तासभर बोलतं ठेवण्यात ज्या स्टुडिओचं नाव झालं, त्याला उडत्या चिलखतांतून लूट गोळा करण्याचा गेम करायला बसवलं. (चिलखत इथेही आलंच. मी म्हटलं होतं.) हा न संपणारा गेम जानेवारी 2026 मध्ये संपला. सर्व्हर बंद झाले, आणि इंटरनेटशिवाय तो चालतच नसल्यानं पूर्ण किंमत मोजणाऱ्यालाही आता खेळता येत नाही. याच स्टुडिओचा 1998 चा ‘बाल्डर्स गेट’ मात्र अजून चालतो. म्हणजे बघा, तेव्हाच्या लोकांना धंदा किती कमी कळत होता.

‘ड्रॅगन एज’च्या चौथ्या भागाची हकिगत तर तुमच्यासारख्यांच्या प्रशिक्षणात लावावी अशी आहे. आधी तो एकट्यानं खेळायचा म्हणून सुरू झाला. मग ते गुंडाळून सगळ्यांनी मिळून ऑनलाइन खेळायचा ठरला. मग पुन्हा एकट्यानं. ऑक्टोबर 2024 मध्ये ‘द व्हेलगार्ड’ नावानं तो एकदाचा आला, आणि त्या तिमाहीत त्याला सुमारे 15 लाख खेळाडू मिळाले. बायोवेअरची मालक कंपनी ईए, तिच्या अपेक्षेच्या हे जवळजवळ निम्मे. कंपनीच्या प्रमुखांनी गुंतवणूकदारांना समजावलं की खेळाडूंना हल्ली सामायिक जगाच्या सोयी जास्त हव्या असतात. म्हणजे जे करता करता मधली वर्षं गेली आणि जे शेवटी उचकटून काढावं लागलं, तेच नव्हतं म्हणून गेम पडला. नाचता येईना, अंगण वाकडं, ही म्हण इथे तोकडी पडते. इथे अंगण मालकानं दोनदा उकरलं आणि घरी नाचणाऱ्यांना पाठवलं.

एव्हाना कोणीतरी हात वर करून विचारील, ‘मग बाल्डर्स गेट 3 चं काय?’ त्याचं नाव लिहून घ्या.

प्रश्न अडचणीचा आहे, नाकारत नाही. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओनं तो करायला सहा वर्षं घेतली. लढाई टर्न-बेस्ड, आळीपाळीनं चाल करायची, म्हणजे जिच्या तेराव्याला आपण सगळे जेवून आलो होतो ती. गोष्ट लांबलचक, एकट्यानंही खेळता येणारी. मायक्रोट्रान्झॅक्शन, म्हणजे गेमच्या आतली फुटकळ विक्री, एकही नाही. अस्वलाच्या रूपातल्या सोबत्याशी प्रणय मात्र आहे. ऑक्टोबर 2020 पासून अर्धवट गेम अर्ली ॲक्सेसमध्ये लोकांच्या हाती देऊन ते जवळजवळ तीन वर्षं त्यांचं ऐकत बसले. ऑगस्ट 2023 मध्ये पुरा गेम आला आणि वर्षाचे बहुतेक मोठे पुरस्कार घेऊन गेला.

यावर तुमचं उत्तर एकाच शब्दाचं असावं: अपवाद. उद्योगातल्या काही जणांनी तर गेम येण्याआधीच, याला मोजपट्टी मानू नका, असं बजावून ठेवलं होतं. ‘द विचर 3’ 5 कोटींहून जास्त विकला गेला, तोही अपवाद. ‘डिस्को एलिसियम’मध्ये नेहमीची लढाईच नाही, नुसतं बोलणं, तो अपवादातला अपवाद. 2025 चा ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स 2’, ज्यात पंधराव्या शतकातल्या बोहेमियात नायकाला वेळेवर खावं-झोपावं लागतं आणि अंगही धुवावं लागतं, त्याच्या 24 तासांत 10 लाख प्रती खपल्या. अपवाद. अपवादांची यादी फार लांबली, तर टाइप बारीक करा.

‘बाल्डर्स गेट 3’कडून शिकायचंच असेल तर ते खेळणी विकणाऱ्या हासब्रो कंपनीच्या बाजूनं शिका. नावाचे हक्क त्यांचे, घाम लॅरियनचा, आणि 2023 मध्ये घरबसल्या सुमारे 9 कोटी डॉलर. 7 डिसेंबरला हा गेम वर्षातला सर्वोत्कृष्ट ठरला. 11 डिसेंबरला हासब्रोनं सुमारे 1,100 नोकऱ्या कमी करण्याचं जाहीर केलं. या गेमसाठी पहिल्या बैठकीला हासब्रोकडून जे समोर बसले होते त्यांच्यातलं जवळजवळ कोणीच आता तिथे नाही, असं पुढे लॅरियनच्या प्रमुखांनीच सांगितलं. निवड वरच्या मजल्यावर, परिणाम खालच्या.

हिशेबात मात्र काटेकोर राहा. ‘फॉलआउट: न्यू व्हेगस’ ऑब्सिडियन या स्टुडिओनं दीड वर्षात करून दिला. समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर 85 गुण पडले तर बोनस, असं ठरलं होतं. पडले 84. एका गुणानं किती वाचतं, हे शाळेतल्या मास्तरांनी आपल्याला कधी नीट शिकवलंच नाही. आणि पैसा दुसऱ्याचा असेल तर सोन्याहून पिवळं. 38 स्टुडिओज ही कंपनी एका निवृत्त बेसबॉलपटूनं काढलेली. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यानं तिच्या 7.5 कोटी डॉलरच्या कर्जाला हमी दिली. फेब्रुवारी 2012 मध्ये ‘किंग्डम्स ऑफ ॲमलर: रेकनिंग’ आला, तीन महिन्यांत 12 लाखांवर प्रती विकल्या गेल्या, आणि जूनमध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. खर्च दुसऱ्याच एका भल्यामोठ्या ऑनलाइन गेमवर चालला होता, जो कधी आलाच नाही. बारा लाख गिऱ्हाईक असताना बुडायला साधी माणसं पुरत नाहीत. राज्य सरकार लागतं.

किंमत वाढवायची तर विषय बघून वाढवा. ‘द आउटर वर्ल्ड्स 2’ची किंमत आधी 80 डॉलर जाहीर झाली, ओरड झाल्यावर 70 वर आली. गेमचा विषय: सगळं विकायला काढणाऱ्या कंपन्यांची टिंगल. एवढा मुरलेला विनोद लोकांना पेलत नाही.

एवढं सगळं करूनही हातात नवा गेम नसेल, तर जुना विका. ‘स्कायरिम’ 2011 चा. तो पुन्हा सजवून विकला, हातात धरायच्या यंत्रावर विकला, डोळ्यांवर बांधायच्या यंत्रावर विकला, आणि 2018 मध्ये तर चित्राशिवाय, नुसता बोलून खेळायचा असा अलेक्सावरही आणला. तो म्हणे विनोद होता, पण चालत होता. एकूण खप 6 कोटींच्या पुढे. 2018 मध्येच पुढच्या भागाची झलक दाखवली: डोंगर, धुकं, संगीत, नाव. पुढची कैक वर्षं लोक त्याच डोंगरांतला खडक न् खडक ओळखीचा करून घेत बसले. लोकांना धीर नसतो, असं तुम्हाला कोण म्हणालं?

बहुधा पुढच्याच आठवड्यात तुमचे लेखक वर येतील. हातात जाडजूड वही असेल. नवं जग, नवी पात्रं, सहा वर्षं, एकदाच विकत घ्यायचा गेम. तुमच्यापुढे तीन उत्तरं उमटतील. ‘कल्पना छान आहे, तीन वर्षांत करा.’ ‘कल्पना छान आहे, ऑनलाइन करा.’ आणि तिसरं, ज्याला मन वळवण्याचं कौशल्य लागतं: ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत.’ कोणतंही निवडा. लिहिणाऱ्यानं पैसे वाचवलेत, तिन्हींनंतरचा प्रसंग एकच आहे. ते वही मिटतात, आभार मानतात, बाहेर जातात. वही सोबत नेतात. सहा-आठ महिन्यांनी किकस्टार्टर हे लोकवर्गणीचं संकेतस्थळ उघडून बघा, पहिल्याच पानावर ओळखीचे चेहरे दिसतील.