हेल आमचा, माणूस दुसऱ्याचा

चित्रपटातल्या भूमिकांसाठी माणसं शोधणाऱ्या कास्टिंग डायरेक्टरवरचा तुमचा लेख आवडला. ऑस्करवाल्यांनी या कामासाठी वेगळा पुरस्कार जाहीर केला तो 2024 साली, तोही 2025 च्या चित्रपटांपासून! ‘बँडिट क्वीन’साठी तिग्मांशू धुलियांनी मनोज बाजपेयी, सीमा विश्वास यांच्यासारखी रंगभूमीवरची माणसं शोधली, तेव्हा कास्टिंग डायरेक्टर काय काम करतो हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होतं?

आम्ही बेळगावचे, त्यामुळे नाटकवाल्यांनी माणूस हेरणं नवीन नाही. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले गुर्लहोसूरला, आमच्याच जिल्ह्यात. गायक-नट भाऊराव कोल्हटकरांचा गळा त्यांनी बडोद्याहून आणला. कास्टिंगच की ते, फक्त नाव नव्हतं.

एक अनुभव सांगतो. काही वर्षांमागं एका चित्रपटाची माणसं इथं ऑडिशनला आली होती. ‘सीमाभागातला मुलगा हवा’ म्हणाले. खानापूरकडचा आमच्या नाटकातला पोरगा उभा राहिला, कॅमेऱ्याकडं बघून नाव, उंची सांगितली, मग डावी-उजवी बाजू दाखवली. संवाद म्हटला आपल्या बोलीत, ‘काय करूलास रे?’ समोरचा हसला आणि म्हणाला, जरा कोल्हापुरी टोन दे. पोरगं गोंधळलं. दिलं बिचाऱ्यानं, पण ते नक्कल केल्यासारखं झालं. भूमिका शेवटी मुंबईच्या मुलाला गेली.

राग त्याचा नाही हो, निवड त्यांची. पण सीमाभाग दाखवायचा तर कानडी वळणाचा आमचा हेल ऐकून तरी घ्यायचा. लेखात बोलीच्या ट्रेनरबद्दल दोन ओळी हव्या होत्या.