“बाईला कोण मत देणार?”

आज, ५ मार्च २०२० ला, दुपारी मॅसॅच्युसेट्सच्या सिनेटर एलिझाबेथ वॉरननी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीच्या शर्यतीतून माघार घेतली. केंब्रिजमधल्या आपल्या घराबाहेर उभं राहून त्या पत्रकारांशी बोलत होत्या आणि मी ऑफिसात डबा उघडून फोनवर बघत होते. कुणीतरी विचारलं, या सगळ्यात तुम्ही बाई असण्याचा भाग किती? त्या म्हणाल्या, हा प्रश्न म्हणजे प्रत्येक बाईसाठी सापळा आहे. हो म्हटलं तर लोक म्हणणार रडते, नाही म्हटलं तर असंख्य बायका विचारणार, तू राहतेस तरी कुठे? मग त्या लहान मुलींबद्दल बोलल्या, ज्यांना आता आणखी चार वर्षं थांबावं लागणार. तिथे त्यांचा आवाज जड झाला. माझाही घास घशातच राहिला.

आणि तेवढ्यात आपल्या, अमेरिकेतल्या मराठी लोकांच्या, ग्रुपवर मेसेज. “सांगितलं होतं ना! या देशात बाईला कोण मत देणार?” खाली अंगठ्यांची रांग.

कुणी लिहिलं ते इथे सांगत नाही, ग्रुपमधल्यांना माहीत आहे. त्या माणसाचा मला एवढा राग नाही. राग अंगठे देणाऱ्यांचा आहे, कारण त्यात निम्म्या बायका आहेत आणि प्रत्येकीला मी चांगली ओळखते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला याच बायका एकत्र होतो ना आपण? त्याच आठवड्यात पक्षातल्या इच्छुकांची आयोवातली डिबेट झाली होती. वॉरननी स्टेजवर सांगितलं की इथल्या पुरुषांनी मिळून दहा निवडणुका हरल्यात, आणि लढलेली प्रत्येक निवडणूक जिंकलेल्या इथे फक्त दोघीच आहेत, एमी क्लोबुशार आणि मी. आपण तिळगूळ वाटता वाटता तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावत होतो. टाळ्या वाजवत होतो. मग परवा मंगळवारी, आपल्या मॅसॅच्युसेट्सच्या मतदानात, मतपत्रिका हातात आल्यावर काय झालं?

काय झालं ते मला माहीत आहे. तुम्हीच सांगितलंत. “अगं, मला तीच आवडते, पण बाकीचे लोक तिला मत देणार नाहीत गं.”

हे वाक्य मी फेब्रुवारीत न्यू हॅम्पशरमध्ये ऐकलं. तिथली प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायची निवडणूक, ११ तारखेला होती. आधीच्या शनिवार-रविवारी मॅसॅच्युसेट्सहून गाड्या भरभरून लोक प्रचाराला गेले होते, त्यात मीही होते. नाशुआमधली एक गल्ली आमच्याकडे आली. बर्फ साफ केलेल्या चिंचोळ्या वाटा, फोनवर मतदारांची यादी, घर क्रमांक, नाव, वय. एका दारात साठीच्या पुढच्या बाई आल्या. नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. वॉरनची बालसंगोपनाची योजना त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ होती. कुटुंबाच्या उत्पन्नाच्या ७ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च पाळणाघरावर होऊ द्यायचा नाही, हे त्यांनीच मला सांगितलं. मी खूश होऊन यादीवर खूण करणार, तर म्हणाल्या, पण मी जो बायडनना मत देणार आहे. का? तर या गल्लीतले लोक बाईला मत देणार नाहीत. आणि हात करून शेजारचं घर दाखवलं.

पुढचं घर तेच होतं. नवरा-बायको दोघं दारात आले. बायको म्हणाली, आम्हा दोघांनाही वॉरन पटतात. नवऱ्याने मान हलवली. पण इथली माणसं जुन्या वळणाची आहेत, आमच्या शेजारीण बाईंचंच बघा ना, त्या कधी बाईला मत देतील का?

मी तिथे उभी राहून त्यांना सांगितलं, अहो, त्या बाईंनी आत्ताच मला तुमच्याबद्दल हेच सांगितलं. ती दोघं हसली. त्यांना वाटलं मी प्रचारासाठी रचून सांगतेय.

हे आठवलं की अजून डोकं फिरतं. दोन घरं, मध्ये एक बर्फाने भरलेली हिरवळ, तीन मतं, तिन्ही तिची. आणि तिन्ही दुसऱ्याच कुणाला गेली, कारण प्रत्येकाला शेजाऱ्याच्या मनातलं कळलं होतं म्हणे. न्यू हॅम्पशरमध्ये वॉरनना ९ टक्के मिळाली. १५ टक्क्यांखाली एकही डेलिगेट, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडणारा प्रतिनिधी, मिळत नाही, त्यामुळे हाती शून्य.

आता मला सांगा, कोण निवडून येणार हे कुणाला कळतं? त्याच न्यू हॅम्पशरमध्ये बायडन पाचवे आले होते. पाचवे! निकाल पूर्ण लागायच्या आत ते साउथ कॅरोलिनाला निघूनही गेले. आपल्या ग्रुपवर त्या रात्री काय चाललं होतं आठवतंय? “बायडन संपला.” “आता ब्लूमबर्गच.” “नाही, पीट बुटिजेज, तरुण आहे, सैन्यात होता, तोच ट्रम्पला पुरून उरेल.” मग २२ तारखेला बर्नी सँडर्सनी नेवाडा एकतर्फी मारलं आणि सगळे घाबरले. २९ तारखेला साउथ कॅरोलिना बायडनना मिळालं आणि तीच माणसं तितक्याच खात्रीने म्हणायला लागली की फक्त बायडनच जिंकू शकतो. तीन आठवड्यांत तीनदा खात्री बदलते, ती खात्री कसली?

माझ्या एका मैत्रिणीने तर शेवटच्या आठवड्यात टाउन हॉलला जाऊन लवकर मतदान केलं. मनात वॉरन, मत पीट बुटिजेजला, कारण तो “निवडून येण्यासारखा” आहे. रविवारी रात्री बुटिजेज बाहेर पडला. सोमवारी क्लोबुशार. दोघांनीही बायडनना पाठिंबा दिला. मैत्रिणीचं मत कुठल्यातरी पेटीत पडून राहिलं. तिला मी काही बोलले नाही, तिला स्वतःलाच खूप लागलंय. पण तिने मनातल्या नावापुढे खूण केली असती तर निदान ते मत तिचं स्वतःचं तरी राहिलं असतं.

बरं, मान्य करायचं ते करते. वॉरन सगळीकडे बाई म्हणूनच हरल्या असं मी म्हणत नाही. साउथ कॅरोलिनातल्या कृष्णवर्णीय मतदारांनी बायडनना निवडलं ते शेजाऱ्याकडे बघून नाही. ते त्यांना ओबामांच्या आधीपासून ओळखतात, आणि तिथले खासदार जिम क्लायबर्न यांच्या शब्दाला तिथे वजन आहे. सगळ्यांसाठी सरकारी आरोग्य विमा या प्रश्नावर वॉरननी आधी एक आणि नंतर दुसरं सांगून घोळ घातला, तेही खरं. काश्मीरवरचं त्यांचं ट्विट मलाही खटकलं होतं. आणि हो, हिंदू असलेल्या खासदार तुलसी गॅबार्ड अजून रिंगणात आहेत, त्यांनी गीतेवर हात ठेवून शपथ घेतली होती, मला माहीत आहे, कृपया तो मेसेज परत पाठवू नका.

पण नाशुआच्या त्या नर्सबाईंना यातलं काहीच अडत नव्हतं. ना विमा, ना काश्मीर. त्यांना अडत होतं शेजारचं घर.

हिलरींचं उदाहरण लगेच येतं. २०१६ ला बाई उभी केली, काय झालं? काय झालं म्हणजे? त्यांना ट्रम्पपेक्षा जवळजवळ २९ लाख मतं जास्त पडली. मिशिगन, विस्कॉन्सिन, पेन्सिल्वेनिया, या तीन राज्यांत मिळून ८० हजारांच्या आत मतं कमी पडली म्हणून राज्यवार मोजणीचं गणित बिघडलं. यातून “बाईला कुणी मत देत नाही” हा निष्कर्ष कसा निघतो? साडेसहा कोटींहून जास्त लोकांनी दिलंय की मत! २००४ मध्ये जॉन केरी हरले तेव्हा कुणी म्हटलं होतं का, आता पुरुष उभा करायला नको?

आणि आपल्यातले काका लोक लगेच इंदिरा गांधींवर येतात. आमच्याकडे १९६६ लाच बाई पंतप्रधान झाली, अमेरिका किती मागे. काका, तुमचा मान ठेवून विचारते, महाराष्ट्र राज्य झालं १९६० ला. सावित्रीबाईंचं राज्य. आजपर्यंत एक तरी बाई मुख्यमंत्री झाली का? दर वेळी नावं चर्चेत येतात, आणि दर वेळी कुणीतरी म्हणतं, अजून वेळ आलेली नाही, लोक स्वीकारणार नाहीत. कुठले लोक? मी साताऱ्यात वाढले. माझ्या आजीपासून भाजीवालीपर्यंत सगळ्या बायकांनी आनंदाने स्वीकारली असती. त्यांना विचारायला कुणी आलंच नाही.

वॉरन मला का पटल्या ते सांगते, कारण प्रचारात मी ज्या दारात गेले तिथे हेच सांगत होते. त्या नेहमी एक गोष्ट सांगतात. तरुणपणी ह्यूस्टनमध्ये कायदा शिकवायला लागल्या, दोन लहान मुलं, पाळणाघर धड मिळेना. नोकरी सोडायच्या विचारात होत्या. ओक्लाहोमातल्या मावशीशी फोनवर बोलताना रडू कोसळलं. मावशी, आंट बी, म्हणाल्या, उद्या नाही येता येणार, पण गुरुवारी येते. सात बॅगा आणि एक कुत्रा घेऊन आल्या आणि १६ वर्षं राहिल्या.

हे ऐकलं तेव्हा मला बाकी कुठल्याही योजनेची गरज उरली नाही. आपल्यातल्या कुणाला ही गोष्ट समजावून सांगावी लागेल? सहा महिने आई, मग सहा महिने सासूबाई. व्हिसाच्या मुदतीवर आपली बाळं मोठी झाली. माझी आई जानेवारीच्या थंडीत आली, गुडघे दुखत असताना, बाहेर एक पाऊल टाकता येत नसताना, दिवसभर एका खोलीत माझ्या लेकीला घेऊन बसली. बाबा तिकडे एकटे डबा आणून जेवत होते. त्या सहा महिन्यांमुळे माझी नोकरी टिकली. पुढच्या वर्षी ती येऊ शकली नसती तर? ज्यांची आई नाही, ज्यांच्या आईला व्हिसा नाकारला, त्या मुलींनी काय करायचं? एवढ्या मोठ्या स्टेजवर उभं राहून हा प्रश्न स्वतःच्या आयुष्यातून सांगणारी उमेदवार मी पहिल्यांदा पाहिली. सँडर्सही पाळणाघरांवर बोलतात, चांगलंच बोलतात. पण मावशी आली नसती तर मी आज इथे नसते, हे त्यांना म्हणता येणार नाही.

आता लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. अंगठे देणाऱ्यांतली एक जण मला आत्ताच फोन करून गेली. म्हणाली, अगं, मला ट्रम्प परत आलेला बघवणार नाही, भीती वाटते, म्हणून केलं मी तसं. ती भीती मला कळते. लेकीच्या वर्गातली मुलं काय काय ऐकून घरी येतात ते मलाही माहीत आहे. ट्रम्प जायलाच हवा, यावर आपल्यात दुमत नाहीच. गेल्या आठवड्यात अहमदाबादला मोटेराच्या स्टेडियममधली ट्रम्प-मोदींची सभा बघून ज्यांना भरून आलं त्यांच्यासाठी मी हे लिहीतही नाहीये.

पण भीतीपोटी मत दिलं ते निदान “मला भीती वाटली” असं सांगा ना. “लोक बाईला मत देत नाहीत” असं नका सांगू. तुम्हीच ते लोक आहात! परवा आपल्या राज्यात, जिथे त्या दोनदा सिनेटवर निवडून आल्या, तिथे त्या तिसऱ्या आल्या. बायडन पहिले, सँडर्स दुसरे. बायडननी इथे धड प्रचारही केला नव्हता. संध्याकाळी शाळेच्या जिममधून मतदान करून बाहेर पडताना मला आपल्यातल्याच तिघी भेटल्या. तिघींनी हळू आवाजात तेच सांगितलं. नाशुआची गल्ली आमच्या गावात आली होती, फक्त बोलणाऱ्या मराठीत बोलत होत्या.

नोव्हेंबरमध्ये जो उमेदवार असेल त्याला मी मत देणार. बायडन असोत, सँडर्स असोत, फोन करणार, पुन्हा गाडी काढून न्यू हॅम्पशरला जाणार, दारं वाजवणार. त्यात किंतु-परंतु नाही. ज्यांना मनापासून बायडन आवडतात त्यांच्याशी माझं भांडण नाही, सँडर्सवाल्यांशी तर नाहीच, ते निदान ज्याच्यावर जीव आहे त्यालाच मत देतात.

ट्रॉय, नोव्हाय, फार्मिंग्टन हिल्सला आपले खूप जण आहेत, म्हणून हे खास त्यांच्यासाठी. पुढच्या मंगळवारी, १० तारखेला, मिशिगनची प्रायमरी आहे. जायच्या आधी शेजाऱ्याचा, टीव्हीवरच्या तज्ज्ञाचा, आमच्या या ग्रुपचा अंदाज घेऊ नका. बायडन पटतात तर बायडनना द्या, सँडर्स पटतात तर सँडर्सना. वॉरनचं नाव मतपत्रिकेवर छापलेलं असेलच, त्या बाहेर पडल्या असल्या तरी. आणि मतदान करून आलात की ग्रुपवर लिहा, कुणाला दिलं आणि का दिलं. “का” मध्ये दुसऱ्या कुणाचं नाव न येता.

तो दुपारचा मेसेज ज्यांनी टाकला त्यांनी तो काढून टाकावा, ही विनंती. आपल्या ग्रुपवर कॉलेजात जाणाऱ्या मुलीही आहेत. त्यातल्या दोघींनी परवा आयुष्यात पहिल्यांदा मत दिलंय, आणि दोघींनीही ते वॉरनना दिलंय.