मध्यमवर्गीय ग्राफिक्स कार्डाची निवड : काही मौलिक सूचना

घरच्या संगणकावर गेम खेळण्यासाठी मध्यम किमतीचे ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरची चित्रे रंगवणारा भाग) घ्यायचे ठरले, की आपण कोणते गेम खेळतो आणि ते कोणत्या मॉनिटरवर खेळतो, हे दोन प्रश्न सर्वप्रथम मनातून काढून टाकावेत. त्यांची उत्तरे आधीच ठाऊक असली तर कार्ड अर्ध्या तासात ठरते आणि पुढचे दोन महिने चर्चेला विषय उरत नाही. पुण्यात एवढा खर्च चर्चेशिवाय करणे ही शुद्ध उधळपट्टी समजली जाते.

घरातून मंजुरी मिळवताना ‘गेम’ हा शब्द उच्चारू नये. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला एआयचे प्रोजेक्ट करावे लागते, त्यासाठी क्युडा ही कार्डावर आकडेमोड करवून घेणारी सॉफ्टवेअर-प्रणाली लागते आणि क्युडा एनव्हिडिया कंपनीच्याच कार्डांसाठी बनवलेली आहे, असे वडिलांना सांगावे. विधान खरे असल्यामुळे ते करताना जीभ अडखळत नाही. मात्र अशा प्रोजेक्टला कार्डावरची मेमरीच बहुधा सर्वांत आधी कमी पडते, हे बोलून दाखवू नये; वडील लगेच जास्त मेमरीचे कार्ड घ्यायला सांगतील आणि चार पैसे वाचवण्याचा तुमचा सगळा बेत फसेल.

यानंतरचा टप्पा म्हणजे पेटीवरच्या नावावर पूर्ण श्रद्धा ठेवणे. नाव एक असले तरी वस्तू एक असेलच असे नाही, ही शंका इतिहास वाचणाऱ्यांना येते. तुम्ही तो वाचू नये. एनव्हिडियाचे जीटीएक्स १०६० हे कार्ड २०१६ मध्ये ३ जीबी आणि ६ जीबी अशा दोन रूपांत आले. फरक केवळ मेमरीचा असणार असे समजून ज्यांनी ३ जीबीचे घेतले, त्यांच्या कार्डात आकडेमोड करणारे छोटे घटक, म्हणजे कोअरसुद्धा १२८० ऐवजी ११५२ होते. २०२१ मधले आरटीएक्स ३०६० हे १२ जीबीचे होते. पुढे त्याच नावाने ८ जीबीचे आले आणि येताना मेमरीचा रस्ताही १९२ बिटवरून १२८ बिटवर, म्हणजे अधिक अरुंद, करून आले. २०२२ मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ४०८० चे १२ जीबीचे रूप जाहीर केले, चिप वेगळी आणि नाव तेच असल्याबद्दल ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये ते मागे घेतले आणि २०२३ च्या जानेवारीत त्याचेच ४०७० टीआय असे नामकरण केले. बारसे दोनदा झाले, यापलीकडे त्यातून काही बोध घेऊ नये.

मध्यम किमतीच्या पंक्तीत तर ही सोय कायमचीच आहे. २०२५ मध्ये एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०६० टीआय आणि एएमडीचे आरएक्स ९०६० एक्सटी, ही दोन्ही कार्डे ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत, प्रत्येकी एकाच नावाने बाजारात आली. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या दोन कंपन्यांचे एवढ्या एका गोष्टीवर एकमत झाले, हे कौतुकास्पद आहे. तुम्ही अर्थातच ८ जीबीचे घ्यावे. नव्या गेममध्ये टेक्श्चरची, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या चित्रांची, पातळी वर नेली की कार्डावरची मेमरी भरते, उरलेला माल पीसीआय एक्स्प्रेस या, कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या वाटेने संगणकाच्या मुख्य रॅममध्ये ठेवावा लागतो आणि ही वाट कार्डावरच्या मेमरीच्या तुलनेत फारच अरुंद असल्याने खेळ ऐन मोक्याच्या क्षणी अडखळतो. त्यातच ५०६० टीआय या वाटेच्या १६ पैकी ८ च मार्गिका वापरते, त्यामुळे तुमचा मदरबोर्ड जुना, पीसीआय एक्स्प्रेस ३ चा असला तर अडखळण्याचा आनंद अधिक मिळतो. हे सारे फ्रेमच्या (दर सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांच्या) सरासरीत पुरेसे दिसत नाही, म्हणून तुलना करताना सरासरीच पाहावी. सर्वांत संथ एक टक्का फ्रेम किती मंदावतात, असले आकडे मन कलुषित करतात. ८ जीबीचे कार्ड व्हॅलोरंटसारख्या हलक्या गेमला उत्तम पुरते, हे खरे आहे. पण मग त्या गेमला एवढेही कार्ड कशाला, असा प्रश्न उपस्थित होतो आणि आपण तर प्रश्न टाळायचे ठरवले आहे.

इंटेलच्या आर्क बी५८० कडे पाहूच नये. २०२४ च्या डिसेंबरात आलेले हे कार्ड या किमतीत १२ जीबी मेमरी देते, त्यामुळे ते संशयास्पद आहे. पाहायचेच असेल तर रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम हाताळू देणारी सोय) नसलेल्या जुन्या संगणकात, जुन्या प्रोसेसरबरोबर बसवावे, म्हणजे ते हमखास कमी वेग दाखवेल आणि तुमचा संशय खरा ठरेल.

फ्रेम जनरेशनविषयी, म्हणजे मधल्या फ्रेम कार्डाने स्वतःच रचण्याविषयी, कंपनी जे सांगते ते जसेच्या तसे मानावे. २०२५ च्या जानेवारीत, सीईएस या तंत्रज्ञान प्रदर्शनाच्या व्यासपीठावरून, एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी ५४९ डॉलरच्या ५०७० मध्ये आधीच्या पिढीतल्या सर्वांत वरच्या ४०९० ची कामगिरी मिळेल असे सांगितले होते. त्यात दोन खऱ्या फ्रेमच्या मधल्या तीन फ्रेमपर्यंत कार्डाने कल्पनेने रंगवलेल्या असतात आणि माउस हलवल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ त्यामुळे कमी होत नाही, एवढी बारीकसारीक बाब सोडली तर विधानात काही खोट नाही.

आता एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा. हा भाग कोणाला दिसत नाही, त्यात दिवे नसतात, मित्र घरी आले तरी त्याची चौकशी करत नाहीत. म्हणून यावर एक रुपयाही खर्च करू नये. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या डब्यावर मोठ्या अक्षरांत ४५० वॉट लिहिलेले असते, तेवढे वाचून समाधान मानावे. त्याखालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या ओळीपुढे किती अँपिअर लिहिले आहेत, हे वाचायला भिंग शोधू नये, कारण तिथे १६ हा आकडा निघाला तर शाळेतला गुणाकार आठवून १९२ वॉट असे उत्तर येते आणि ५०६० टीआय एकटेच १८० वॉटपर्यंत खाते. प्रोसेसर, डिस्क आणि पंखे यांनी उरलेल्या १२ वॉटमध्ये काटकसरीने संसार करावा, अशी अपेक्षा आहे. कार्डाला लागणारी आठ पिनांची वायर डब्यातून निघत नसेल तर जुन्या, चार पिनांच्या मोलेक्स वायरींना जोडायचा अडॅप्टर तापकीर गल्लीत किरकोळ किमतीला मिळू शकतो. आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॉटपर्यंत वीज जाऊ शकते आणि मोलेक्सच्या वायरी तेवढ्यासाठी बनवलेल्या नसतात, हे प्लॅस्टिकचा वास आल्यावर समजले तरी चालते. ज्यांच्या घरी गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, त्यांनी हा सगळा डोलारा स्वस्तातल्या, ओबडधोबड लहरींची वीज देणाऱ्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर टाकावा. खेळात खंड पडता कामा नये.

संगणकाच्या टेबलाखाली दार असलेला कप्पा असतो, तो कॅबिनेटसाठीच बनवलेला आहे. एप्रिलमधल्या दुपारी, पश्चिमेच्या खोलीत, ते दार लावून गेम खेळावा. कार्ड तापले की आपण होऊन वेग कमी करते, इतके ते समजूतदार असते.

जुने कार्ड घेणाऱ्यांसाठी निराळी सूचना नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर होणारे त्याचे मायनिंग, म्हणजे नाणी मिळवण्यासाठीची आकडेमोड, थांबले, त्यानंतर रात्रंदिवस राबलेली कार्डे मोठ्या संख्येने विक्रीला आली. ‘फक्त घरगुती वापर’ असे विक्रेता सांगत असेल तर ताण देऊन चाचणी घेण्याचा हट्ट धरू नये. कोथरूडहून मगरपट्ट्यापर्यंत गेलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परतणे तसेही शोभत नाही. नवीन घेत असाल तर पक्के बिल मागू नये, १८ टक्के जीएसटी वाचतो. वॉरंटीची वेळ आली की कच्च्या पावतीवरची शाई उडालेली असते, एवढीच काय ती उणीव.

मॉनिटर जुना, १०८० पीचा (म्हणजे उभ्या दिशेने १०८० ठिपक्यांचा) आणि सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा, म्हणजे ६० हर्ट्‌झचा, तोच ठेवावा आणि त्यासाठी १४४० पीला झेपणारे कार्ड आणावे. किंवा १४४ हर्ट्‌झचा नवा मॉनिटर आणावा आणि विंडोजमध्ये तो ६० वरच चालू आहे, हे वर्षभर कोणाला कळू देऊ नये.

या सर्व बाबतींत अंतिम शब्द हिंजवडीत नोकरी करणाऱ्या नातेवाइकाचा मानावा. तो तेथे पगारपत्रकाच्या सॉफ्टवेअरची चाचणी घेत असला तरी संगणकाशी त्याचा संबंध रोजचा असतो. कार्ड बसवायलाही त्यालाच बोलवावे आणि मॉनिटरची वायर, जिथे ती आजवर होती त्या मदरबोर्डवरच्याच एचडीएमआयमध्ये पुन्हा लावून घ्यावी, म्हणजे नवे कार्ड बहुधा आत नुसते बसून राहील आणि गेम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर पूर्वीच्याच वेगाने चालेल. तुमच्या इंटेल प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतेच आणि पडदा संपूर्ण काळा राहील. अशा वेळी नातेवाईक विंडोज फॉरमॅट करायला सांगतो, ते करावे.