‘शेवटी सगळं विद्युतच ना?’ या प्रतिक्रियेला उत्तर

सर, रेणू एकमेकांना कसे धरतात यावर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. म्हणणं असं, की रेणू एकमेकांना धरतात ते विद्युत बलानंच, कुलोंबनं 1785 लाच दोन चार्जमधल्या बलाचा नियम सांगून ठेवलाय, मग ‘नुसत्या चार्जवर भागत नाही’ असं मी लिहिणं म्हणजे दिशाभूल, आणि कोल्हापुरी चपलेच्या कातड्याचं उदाहरण म्हणजे उगाच गावचं कौतुक.

मुळाशी गेलं तर सगळं विद्युतच, वादच नाही. पण तांबडा आणि पांढरा रस्सा दोन्ही एकाच अळणीतून (मटण शिजवलेल्या पाण्यातून) होतात म्हणून दोन्ही एकच, असं कोल्हापुरात बोलून बघा की! प्रश्न पाण्यातल्या पकडीचा आहे. +1 आणि -1 चार्ज 3 अँगस्ट्रॉमवर (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जावा भाग) ठेवले तर निर्वातात साधारण 110 किलोकॅलरी प्रति मोल एवढी ओढ, पण पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (चार्जची ओढ किती पट कमी होते तो आकडा) 80 च्या घरात, त्यानं भागलं की उरतात दीडच्या आत. वर दोन्ही चार्जना पाण्याचे रेणू आधीच बिलगून बसलेले, त्यांना उठवायचा खर्च वेगळा. कमावलेलं बऱ्याचदा तिथंच जातं.

म्हणून चार्ज बिनकामाचा असं मी कुठं म्हटलंय राव? बार्नेज हे एका जिवाणूचं आरएनए तोडणारं एन्झाइम, आणि ते स्वतःवरच उलटू नये म्हणून तोच जिवाणू त्याला अडवणारं बारस्टार हे प्रथिन बनवतो. एकावर धन चार्ज जास्त, दुसऱ्यावर ऋण. 1996 मध्ये श्रायबर आणि फर्श्ट या शास्त्रज्ञांनी दाखवलं की मीठ वाढवत नेलं तर ही जोडी जुळण्याचा वेग कितीतरी पटींनी पडतो, सुटण्याचा वेग मात्र फारसा हलत नाही. म्हणजे लांबून ओढून समोरासमोर आणायचं काम चार्जचं, मीठ तेच झाकतं, आणि एकदा बसल्यावर पकड टिकते ती खाचेत खाच बसण्यावर, हायड्रोजन बंधांवर (एका रेणूतला हायड्रोजन दुसऱ्यातल्या ऑक्सिजन-नायट्रोजनकडं ओढला जातो तो बंध), मधलं पाणी बाहेर पडण्यावर, हां, अगदी जवळचे चार्जही असतातच त्यात. उलट बायोटिन हे जीवनसत्त्व घ्या, स्ट्रेप्टअ‍ॅव्हिडिन या जिवाणूच्या प्रथिनाच्या खाचेत त्याचा जो भाग आत शिरतो त्यावर निव्वळ चार्जच नाही, तरी पकड निसर्गातल्या सगळ्यात घट्ट पकडींपैकी एक.

आता चप्पल. बाभळीची साल आणि हिरड्यातलं टॅनिन (कातडं कमावणारा तुरट पदार्थ) कातड्याच्या कोलॅजन या प्रथिनाला धरतं ते मुख्यतः हायड्रोजन बंधांनी आणि पाणी टाळणारे भाग एकमेकांना लागून. (हायड्रोजन बंधही विद्युतच म्हणाल, म्हणा, पण तिथं आयन, म्हणजे पूर्ण चार्जवाले कण, नाहीत.) क्रोमनं कमावलेल्या चामड्यात क्रोमियम कोलॅजनच्या ऋण चार्जवाल्या आम्ली गटांनाच जाऊन धरतं, म्हणून ते उकळत्या पाण्यातही टिकतं आणि सालीचं चामडं 80 अंशांच्या आसपासच आकसायला लागतं. तुमच्या बाजूनं उदाहरण द्यायचंच तर क्रोमचं द्या, चपलेचं माझ्याकडंच राहू दे.