तेलाची बाटली आणि हिज्कीया राजा

पेरणीच्या तोंडावर आमच्याकडच्या ख्रिस्ती घरांत व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतो आहे. यवतमाळपासून वाशिमपर्यंतच्या नातेवाइकांनी तो मला पाठवला. त्याचं म्हणणं असं: आपल्या घरात देव्हारा नाही, म्हणून दगड-धातूच्या मूर्तींचा प्रश्न आपण मिटवला आहे. आता दवाखाना, पीकविमा आणि बचत या नव्या मूर्ती सोडा. प्रार्थना केलेलं तेल मागवून वावराच्या चारही धुऱ्यांवर शिंपडा, पेरणीआधी ‘बियाणे-दान’ म्हणून पैसे पाठवा, पऱ्हाटीला बोंडअळी लागणार नाही.

देव्हारा नाही म्हणून प्रश्न मिटला, हे पहिलंच वाक्य चुकीचं आहे. बायबलमधल्या यहेज्केलच्या १४व्या अध्यायात इस्राएलचे वडीलजन संदेष्ट्यासमोर येऊन बसतात. त्यांच्या हातात काही नसतं, पण यांनी मूर्ती मनात बसवल्या आहेत, असं देव सांगतो. प्रेषित पौलानेही लोभाला मूर्तिपूजा म्हटलं (कलस्सैकरांस ३:५), आणि ते पत्र विश्वासणाऱ्यांनाच लिहिलेलं आहे. धुरा कोरून भावाच्या वावरातली दोन तासं (नांगराच्या ओळी) आपल्या वावरात ओढणारा माणूस रविवारी उपासनेत पहिल्या बाकावर बसत असेल, तर शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याकडे बोट दाखवून मूर्ती न करण्याची आज्ञा त्याने पाळली असं होत नाही.

दवाखान्याचं मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण यात माणसं मरतात. मागच्या पावसाळ्यात माझ्या चुलतभावाला निंदताना साप चावला. घरच्यांनी आधी ते तेल लावलं, मग प्रार्थनेसाठी कोणाला तरी फोन लावत बसले. पाऊण तास गेला. मग ग्रामीण रुग्णालयात विषावरचं इंजेक्शन मिळालं आणि तो वाचला. प्रार्थना गाडीतही चालूच होती. ती करायला घरी थांबण्याची काहीच गरज नव्हती.

आता २ राजे १८ काढा. मोशेने देवाच्या सांगण्यावरून सर्पदंश झालेल्यांसाठी पितळेचा साप केला होता (गणना २१). पुढे शेकडो वर्षं लोक त्यालाच धूप जाळत राहिले. हिज्कीया राजाने तो फोडला. देवावर भरवसा ठेवण्यात त्याच्यासारखा राजा यहूदात झाला नाही, असं तोच अध्याय म्हणतो. हाच हिज्कीया मरणाला टेकला तेव्हा यशया संदेष्ट्याने अंजिरांचा लेप आणायला सांगितला, तो गळवावर बांधला आणि राजा बरा झाला. यरुशलेमेत पाणी आत आणायला त्यानेच व्यवस्था केली. त्याचा म्हणून ओळखला जाणारा सुमारे ५३० मीटरचा बोगदा आजही तिथे आहे. मूर्ती फोडणारा, औषध घेणारा आणि संकटाआधी पाण्याची सोय करणारा हा एकच माणूस. आणि घसरला कुठे? बाबेलच्या पाहुण्यांना आपलं भांडार दाखवताना. भांडार त्याच्याकडे आधीही होतं, या वेळी मन उन्मत्त झालं.

तेलासाठी संदेशात याकोब ५:१४ दिलं आहे. ते वचन नीट वाचा. तिथे मंडळीचे वडील आजाऱ्याकडे येऊन तेल लावून प्रार्थना करतात, आणि बरं करते ती विश्वासाची प्रार्थना. ते तेल बाटलीत भरून पैसे घेऊन पाठवायचं, असं तिथे कुठेही नाही. ज्या मिशनांनी इकडे शुभवर्तमान आणलं, त्यांच्यातल्याच एकाने वाशिमला रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय उभं केलं. त्यांचा विश्वास कमी होता काय?

विमा आणि बचतीचं उत्तर थोडक्यात देता येतं. योसेफाने सुकाळाची सात वर्षं पिकाचा पाचवा हिस्सा साठवला, तोही देवाने दाखवलेल्या स्वप्नावरून. देव झेलेल म्हणून मंदिराच्या टोकावरून उडी मार, असं सैतानानेच येशूला ९१वं स्तोत्र दाखवून सुचवलं होतं. हेही खरं की कोठार माणसाचा देव होऊ शकतं. लूक १२मधल्या श्रीमंताचं तेच झालं. पण तो स्वतःच्या जिवाला म्हणाला, आता निवांत खा-पी. विम्याचा हप्ता भरून रात्री देवापुढे गुडघे टेकणारा शेतकरी तसं म्हणत नाही.

सगळ्यात जास्त राग मला बियाणे-दानाचा येतो. ‘जो हात राखून पेरतो’ हे २ करिंथ ९मधलं वचन यरुशलेमेतल्या गरजू बांधवांसाठी चाललेल्या वर्गणीबद्दल आहे. बोंडअळीचा त्यात सौदा नाही. २०१७मध्ये गुलाबी बोंडअळी आली तेव्हा आमच्या गावात प्रार्थना करणाऱ्यांची आणि न करणाऱ्यांची बोंडं सारखीच किडली. या संदेशाच्या हिशोबाने ज्याचं पीक गेलं त्याचा विश्वास खोटा ठरतो. शेतकरी आत्महत्यांसाठी ज्या यवतमाळचं नाव देशभर घेतलं जातं, तिथे कर्जात बुडालेल्या माणसाच्या मोबाइलवर हे पाठवायचं? त्याला हबक्कूक संदेष्ट्याचं वचन पाठवा: अंजीर फुलला नाही, शेतात अन्न पिकलं नाही, गोठ्यात गुरं उरली नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. हबक्कूकने पीक मागून विश्वास ठेवला नाही; पीक गेल्यावरही देव धरून ठेवला. देवाला बांधून घ्यायला जी वस्तू आपण हातात धरतो, तीच आपली मूर्ती, मग तिच्यावर वचन छापलेलं का असेना.

परवा आत्याकडे गेलो तर खिडकीत तीच बाटली. तिला हिज्कीयाची गोष्ट सांगितली. तो फोडलेला साप ‘नहुश्तान’ म्हणजे नुसतं पितळ ठरला, तेही सांगितलं. ती बराच वेळ बाटलीकडे पाहत राहिली.

“मंग याचं काय करू रे? फेकू?”

“कायले फेकतं, आत्या? खोबऱ्याचं तेल हाय, डोक्याले लाव.”