नखाची खाच

ऑफिसात केक आला, सुरी नाही आली. नेहमीचंच. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "अरे याच्या बॅगेत चाकू असतो ना!" झालं. मेणबत्ती पेटलेली, गाणं गाऊन संपलेलं, बर्थडे बॉय हसरा चेहरा धरून उभा आणि मी अख्ख्या फ्लोअरसमोर घडीचा चाकू उघडतोय. उघडतोय कसला, खरवडतोय.

या जातीच्या चाकूला लॉक नसतं. पाठीला स्प्रिंगची पट्टी, ती पातं दाबून धरते, आणि ते ओढायला पात्यावर बारीकशी खाच, तिच्यात नख घालायचं. नख! शाळेत दर सोमवारी बाई नखं तपासायच्या, वाढलेली दिसली की हातावर पट्टी, अख्खं बालपण नखं कापण्यात गेलं आणि आता ह्यांना माझं नख पाहिजे. त्यात मी डावखुरा. खाच एकाच बाजूला, अर्थात उजव्यांच्या सोयीची.

"गंजलाय का रे?" अकाउंट्सचे काका अवतरले.

"नाही काका, स्प्रिंग टाइट आहे."

"स्प्रिंग नाही, मनगट. आण इकडे."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, चाकू कानाशी नेऊन हलवला (का ते विचारू नका), मग बुचाचा स्क्रू उघडला. मग कात्री. मग ती दात कोरायची प्लास्टिकची काडी, तिचा वास घेऊन परत ठेवली. "ह्यात पातं आहे ना नक्की?" असं म्हणत सरळ तोंडात घातला आणि दातांनी ओढायला लागले. जे हत्यार पुढच्या मिनिटाला केकमध्ये जाणार होतं ते. पुढे उभ्या दोघींनी तिथल्या तिथे डाएट सुरू केलं. दात हरले, मग भाषण. "खरा चाकू रामपुरी! खटका, कट्‌कट्‌कट्‌, अर्धी गल्ली रिकामी." रामपूरच्या चौकात 2023 साली 20 फुटी चाकू उभा केलाय, त्याचा फोटो मोबाइलवर सगळ्यांना फिरवून दाखवला.

"तो कोण उघडतो काका?"

"तो उघडाच आहे," काका गंभीरपणे म्हणाले.

मेण केकवर गळत होतं. एवढ्यात सेल्सच्या नव्या पोराने खिशातून काळा चाकू काढला, एक बोट हललं, टक्‌! फ्लिपर. पात्याच्या बुडाचं टोक मुठीबाहेर डोकावतं, ते दाबायचं, आतली बारीक गोळी क्षणभर अडवते आणि मग पातं बेअरिंगवरून सुळकन बाहेर. नखाचा संबंधच नाही. मिटताना लॉकची पत्ती पुन्हा उजव्या अंगठ्यासाठीच, पण ते जाऊ दे. अमेरिकेतल्या स्पायडर्को कंपनीने तर 1981 सालीच पात्याला गोल भोक पाडलं, अंगठा टेका नि ढकला, हात कुठलाही असो. एक भोक! एवढंच करायचं होतं. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूलाही खाचच आहे, शिवाय दमट हवेत लाकडी मूठ फुगून पातं रुतून बसतं, पण तिथले लोक मुठीचं बूड टेबलावर ठोकतात, पातं जरासं वर येतं, मग ओढतात, आणि त्याचं कौतुक होतं. मी ठोकलं असतं तर केक खाली.

तर टक्‌ झालं आणि सगळे मागे सरकले. मागे! माझ्या चाकूला कोणी पापणी हलवली नव्हती. एचआरच्या मॅडमनी नुसतं बघितलं, पोराने मुकाट्याने चाकू खिशात घातला आणि केक काकांच्या स्टीलच्या पट्टीने कापला गेला, शाईच्या डागांसकट.

संध्याकाळी मेल. फ्लोअरवर धारदार वस्तू आणू नयेत. म्हणजे ज्याने संत्री आणि कुरिअरच्या टेपपलीकडे काही कापलं नाही, जो उघडेपर्यंत समोरचा चहा पिऊन येईल, तोही आता हत्यार. बरं, घाला बंदी, पण केकबरोबर सुरी मागवायचं काम कोणाचं हे त्या मेलमध्ये कुठेच नाही, ते कधीच नसतं, आणि पुढच्या महिन्यात तीन बर्थडे आहेत.

काकांनी रिप्लाय ऑल केलं: "पेढे आणा."